अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणीचा गैरसमज

सांगलीत विश्रामबागेत एजंटामार्फत घर पाहायला गेलेल्या भाडेकरूला हमखास ऐकवले जाणारे वाक्य म्हणजे, ‘करार अकराच महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, स्टँपपेपरवर सह्या केल्या की झाले.’ इतर राज्यांत चालणारा हा नियम महाराष्ट्रात लागू नाही. भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

खर्चाचा बाऊ तर विनाकारण केला जातो. नऊ हजार भाडे आणि पन्नास हजार अनामत धरली, तर अकरा महिन्यांचे भाडे 99,000 रुपये. त्यात अनामतीवरील वार्षिक 10 टक्के दराचे व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे 260 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. मग एजंट ‘कराराचे पाच हजार’ मागत असेल, तर ते कशाचे, हे त्याला पावतीसकट विचारावे.

राहता राहिला जीएसटी. कुटुंबाने राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यावर तो नाही; एजंट स्वतः जीएसटी-नोंदणीकृत असेल, तरच त्याच्या दलालीवर 18 टक्के लागतो, आणि तेव्हा बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो.