रेषा वाकड्या दिसतात? मोतीबिंदूवर ठपका ठेवण्याआधी पडदा तपासा

वर्धा रोडवरचा मेट्रोचा खांब मधूनच वाकलेला दिसू लागला, की पन्नाशी उलटलेला नागपूरकर बहुधा मोतीबिंदू धरून चालतो आणि चष्म्याचा नंबर बदलून येतो. मोतीबिंदूने नजर धूसर होते. रेषा वाकत नाहीत. रेषा वाकल्या तर दोष बहुतेकदा डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात असतो. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एपिरेटिनल मेम्ब्रेन. मॅक्युलावर, म्हणजे पडद्याच्या ज्या मध्यभागाने आपण वाचतो त्यावर, चढलेली ही पातळ झिल्ली असते.

डोळ्याच्या पोकळीतली व्हिट्रियसची जेली वयोमानाने पातळ होऊन पडद्यापासून सुटते. सुटताना तिचा काही थर, त्यातल्या हायलोसाइट पेशींसह, पडद्यावर राहून जातो. पडद्यातल्या म्युलर पेशीही वर येऊन पसरतात. पडद्याला छिद्र पडलं असेल तर खालच्या रंगद्रव्याच्या थरातल्या पेशीही त्यात मिसळतात. मधुमेह, पडद्याची शीर बंद पडणं किंवा डोळ्याच्या आतली सूज यांमुळेही झिल्ली धरते.

काढलेली झिल्ली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की दुखण्याचं मूळ दिसतं. कोलॅजेनच्या जाळ्यात अडकलेल्या पेशींपैकी काही मायोफायब्रोब्लास्ट असतात. जखम भरताना कातडी ओढून आणणाऱ्या पेशी याच जातीच्या. त्यांच्यात स्नायूंतल्यासारखं ॲक्टिन असतं, म्हणून झिल्ली आकसते. पडद्याला चुण्या पडतात, बारीक शिरा नागमोडी होतात, मॅक्युलाच्या मधला खळगा बुजतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळ ओढल्या गेल्या तर त्या डोळ्याला वस्तू मोठी दिसते. ही ओढ थेंबांनी सुटत नाही.

घरी तपासायचं तर आम्सलर तक्ता घ्यावा: 10 सेंटीमीटरचा चौकोन, 5 मिलिमीटरची घरं. वाचायचा चष्मा लावून, 30 सेंटीमीटरवर धरून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहावं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो. महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही तो यामुळेच. वाकडेपणा अचानक आला तर पडद्याखाली रक्त किंवा पाणी साचलेलं असू शकतं, तेव्हा लगेच दाखवावं. विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने सावली येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी.

निदान ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या प्रकाशाच्या स्कॅनवर, पक्कं होतं. खळगा शाबूत असेल आणि कामं अडत नसतील तर ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करणं पुरतं. पडद्याचे आतले थर खळग्यावरून सलग पसरले, की नजर परत मिळणं अवघड होत जातं. तोवर थांबणं आम्हाला पटत नाही.

उपाय शस्त्रक्रियेचाच. अर्ध्या मिलिमीटरच्या तीन छिद्रांतून व्हिट्रियस काढतात आणि ब्रिलियंट ब्लू सोडतात. या रंगाने पडद्याचं आतलं आवरण निळं होतं, झिल्ली मात्र बिनरंगी राहते, त्यामुळे तिची कड सापडते. झिल्ली चिमट्याने सोलल्यावर ते आवरणही बरेच सर्जन काढतात, कारण त्यावर उरलेल्या पेशींतून झिल्ली पुन्हा धरू शकते. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते. वाकडेपणा कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन न झालेल्या, स्वतःचं भिंग असलेल्यांना पुढच्या एक-दोन वर्षांत बहुधा मोतीबिंदू वाढतो. पडदा सुटणं आणि जंतुसंसर्ग हे धोके कमी, पण गंभीर.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, मग ते मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत असो वा धरमपेठेतल्या खासगी दवाखान्यात, आधी मॅक्युलाची ओसीटी मागून घ्या. झिल्ली निघाली तर मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं, कृत्रिम भिंग शक्यतो टाळा. ते प्रकाश वाटून देतं आणि आधीच फिकी झालेली अक्षरं आणखी फिकी पडतात.