जैतापूर आणि विधिमंडळ : अणुविजेच्या चर्चेची पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत अणुऊर्जा संघसूचीत आहे आणि वीज समवर्ती सूचीत. त्यामुळे अणुभट्टी कोणत्या देशाची आणि किती क्षमतेची असावी, हे मुंबई किंवा नागपूरच्या विधानभवनात ठरत नाही. मात्र जमिनीचे संपादन, विस्थापितांचे पुनर्वसन, किनाऱ्यालगतची मासेमारी आणि पोलीस बंदोबस्त या गोष्टी राज्याच्या हाती येतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळात अणुविजेचा विषय निघाला की चर्चा किरणोत्सर्गावरून सातबाऱ्यावर का येते, याचे उत्तर या विभागणीत आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, तेव्हा अणुवीज हे आधुनिकतेचे लक्षण मानले जात होते. तेथे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या उभारताना अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षे रेंगाळल्या, आणि पुढे जैतापुरात कोणत्याही आश्वासनाकडे लोकांनी संशयाने पाहिले त्यामागे हा अनुभवही होता.

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळ पठारावर, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉटचा जैतापूर प्रकल्प ठरला, तो काळ भारनियमनाचा होता. ग्रामीण भागात वीज तासन्‌तास जात असल्यामुळे ‘वीज हवी की नको’ हा सत्ताधाऱ्यांचा प्रश्न सभागृहात प्रभावी ठरे. पण तो अपुरा होता, कारण माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे येथील खातेदार विजेला नव्हे, तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याने आपली जमीन घेण्याला नकार देत होते. नाटे-साखरीच्या मच्छीमारांची तर जमीनच जाणार नव्हती. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल, ही त्यांची भीती होती आणि मोबदल्याच्या कोष्टकात तिला सहज जागा मिळत नव्हती.

नोव्हेंबर २०१० मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली आणि त्याच महिन्यात पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले. दिल्लीत पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री म्हणून त्यांचा अणुऊर्जेशी जवळून संबंध आला होता. आता त्याच प्रकल्पासाठी जमीन मिळवण्याची आणि शांतता राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. एप्रिलमध्ये आंदोलनादरम्यान पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला, आणि अणुऊर्जा केंद्राची असली तरी गोळीबाराचे उत्तर राज्याच्या गृहखात्यालाच द्यावे लागणार होते. २०१३ मध्ये सरकारने मोबदला हेक्टरी २२.५ लाख रुपयांपर्यंत वाढवला. प्रकल्प मात्र अणुभट्ट्यांच्या किमतीवर आणि अपघाताच्या दायित्वावर, म्हणजे अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची यावर, अडून राहिला, आणि हे दोन्ही प्रश्न राज्याच्या कक्षेबाहेरचे होते.

केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा संस्थेशी सामंजस्य करार केला. अशी अणुभट्टी प्रत्यक्षात किती दूर आहे, हा वेगळा विषय; पण करार राज्याच्याच कंपनीचा असल्याने, ‘हा केंद्राचा प्रश्न आहे’ एवढे सांगून ऊर्जामंत्र्यांना खाली बसणे यापुढे कठीण जाईल.