दात भरणे

किडीने, झिजेने किंवा मार लागून दाताचा गेलेला भाग साफ करून त्या जागी टिकाऊ द्रव्य बसवणे, म्हणजे दात भरणे. इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजाराने ‘दाढेत मसाला भरला’ असे म्हणतात. पुण्याकडे त्यालाच ‘सिमेंट’ म्हणतात.

तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप (pH), साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातली, खनिजे विरघळू लागतात. एरवी लाळ अर्ध्या-पाऊण तासात तोल सावरते, पण झोपेत ती फार कमी सुटते. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकराला मावाबाटी आणि जिलेबी खाऊन तसेच अंथरुणावर पडणाऱ्याच्या दाढा त्यामुळे दुहेरी मार खातात.

ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी खड्ड्यांचे वर्ग आणि कोरण्याचे नियम पक्के केले. तेव्हा चांदीचा मसाला, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटत नसे. तो अडकून राहावा म्हणून खड्डा आतून रुंद ठेवावा लागे आणि त्यापायी चांगला दातही कोरला जाई. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर राळ (रेझिन) चिकटवून दाखवली आणि हे गणित बदलले. आता किडलेले तेवढेच काढतात. तेही रंगावरून नव्हे, हत्याराखाली मऊ लागते की कडक, यावरून ठरवतात. खड्डा खोल असेल तर कडा पूर्ण स्वच्छ करून नसेजवळचा थोडा मऊसर थर मुद्दाम राहू देतात; तो उकरण्याच्या हट्टापायी नस उघडी पडते.

दातांच्या रंगाचा मसाला, म्हणजे कंपोझिट, भरताना खरी परीक्षा कोरडेपणाची असते. १८६४पासून वापरात असलेला रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून अलग ठेवणारा रबराचा पडदा, हा यावरचा सर्वांत चांगला उपाय, आणि घाईच्या दवाखान्यात सर्वांत आधी वगळला जाणाराही. तो नसेल तर कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढणारी नळी यांवर भागवतात. मग पृष्ठभाग खरखरीत करायला ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावतात: एनॅमलवर १५ ते ३० सेकंद, त्याखालच्या थरावर, म्हणजे डेंटिनवर, १५ सेकंदांहून जास्त नाही. धुतल्यावर डेंटिन खडखडीत वाळवू नये. त्यातले तंतू दबून बसतात आणि बाँडिंगचे, म्हणजे मसाला दाताला चिकटवणारे, द्रव्य आत मुरत नाही. इंदूरच्या पश्चिमेला धार-झाबुआ पट्ट्यात पाण्यातल्या फ्लोराइडने डागाळलेले दात पुष्कळ दिसतात. असे एनॅमल आम्लाला दाद देत नाही, तिथे वेळ वाढवावी लागते.

कंपोझिट घट्ट होताना आकसते. म्हणून साधारण दोन मिलिमीटरचा एकेक थर तिरपा लावून, दिवा अगदी जवळ धरून निळ्या प्रकाशात पक्का करतात. दोन दाढांमधला खड्डा भरणे सर्वांत अवघड. तिथे वाकवलेली धातूची पट्टी लावून खालून लाकडी पाचर ठोकतात. पाचरेने दात किंचित अलग होतात, पट्टी काढल्यावर परत जवळ येतात आणि सांधा घट्ट बसतो. हे चुकले तर मसाला कितीही महागाचा असो, त्या फटीत रोज इंदुरी शेव अडकते आणि हिरडी सुजते. दात साफ करायचा दोरा त्या सांध्यातून ‘टक्’ करून गेला पाहिजे.

शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे घासतात. जबडा बधिर असताना माणूस नेमके चावत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘दाढ उंच लागते’ म्हणून परत आलेला रुग्ण कटकट्या नसतो.

लहान मुलांच्या दाढांना आणि ब्रश रगडून हिरडीजवळ झिजलेल्या दातांना ग्लास आयोनोमर हा सिमेंटसारखा मसाला बरा पडतो. तो आपणहून दाताला धरतो, फ्लोराइड सोडतो आणि थोडा ओलावा चालवून घेतो. चावण्याचा जोर मात्र त्याला कमी सोसतो. १९८०च्या दशकात टांझानियात विजेशिवाय, नुसत्या हातातल्या हत्यारांनी दात भरण्याची पद्धत उभी राहिली; पुढे तिच्यात हाच मसाला वापरू लागले.

अमाल्गमचे निम्मे वजन पाऱ्याचे असते. पाऱ्यावरच्या २०१३च्या मिनामाता करारात त्याचा वापर कमी करत न्यायचे ठरले आणि भारताने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली. तरी जुन्या पिढीच्या दाढांत ही चांदी अजून दिसते. तिच्या कडा शाबूत असतील आणि खाली कीड नसेल तर ती काढण्याचे कारण नाही. उलट काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त उठते.