इंजिनातल्या रबराला तेल बदललेले कळते का?

वॉरंटी संपलेली गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी नाशिकच्या द्वारका किंवा सातपूर भागातील ओळखीच्या गॅरेजात जाऊ लागली, की इंजिन ऑइलचा विषय हमखास निघतो. आजवर महागडे सिंथेटिक तेल घातलेल्या गाडीत यापुढे साधे मिनरल तेल घातले तर चालेल का, असे मालक विचारतो आणि एकदा सिंथेटिकची सवय लागलेले इंजिन मिनरलवर आणले तर सील गळू लागतात, असे ठाम उत्तर त्याला बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. मात्र ते निव्वळ अफवा म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागे १९७०च्या दशकात खरोखर घडलेला आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने अतिशय देखणा असा प्रकार आहे. फक्त तो घडला उलट दिशेने, म्हणजे मिनरलवरून सिंथेटिककडे जाताना.

डब्यातील तेलाचा मोठा भाग म्हणजे मूळ तेल आणि उरलेला भाग म्हणजे त्यात मिसळलेली रसायने. मिनरल तेलाचे मूळ तेल खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते आणि त्यात लांब साखळ्यांचे, वलयांचे आणि बेंझीनसारख्या ॲरोमॅटिक वलयांचे रेणू एकत्र नांदत असतात. याउलट पॉलिअल्फाओलेफिन या अस्सल सिंथेटिक तेलात दहा कार्बनचे डिसीनचे रेणू एकमेकांना जोडून बहुतांशी एकाच घडणीचे रेणू तयार केलेले असतात आणि त्यात ॲरोमॅटिक वलये जवळपास नसतातच. आपल्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे.

क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येतो त्या ठिकाणी बसवलेला ऑइल सील हातात घेऊन पाहावा. धातूच्या कड्यावर काळे रबर चढवलेले असते, आतल्या बाजूस त्याची पातळ कड असते आणि त्या कडेमागे केसासारख्या बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. ही कड फिरत्या शाफ्टवर अलगद दाबून राहिली तरच तेल आत थांबते. पूर्वी असे सील प्रामुख्याने नायट्राइल रबराचे असत. रबर म्हणजे गंधकाच्या पुलांनी ठिकठिकाणी बांधलेल्या लांब साखळ्यांचे जाळे असते आणि स्वभावाने जुळणारा द्रव भेटला की त्याचे रेणू या जाळ्यात शिरतात. साबुदाणा पाणी पिऊन फुगतो, पण विरघळून जात नाही, तसेच रबरही फुगते आणि एका मर्यादेशी थांबते.

ही मर्यादा कोठून येते, याचे गणित पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ साली मांडले. द्रवाचे रेणू साखळ्यांमध्ये मिसळले की एंट्रॉपी, म्हणजे रेणूंना वेगवेगळ्या रचनांत राहण्याची मोकळीक, वाढते, त्यामुळे मिसळण्याकडे ओढ असते. पण जाळे फुगताना साखळ्या ताणल्या जातात, ताणलेल्या साखळीला वळण्याचे पर्याय कमी उरतात आणि तिची एंट्रॉपी घटते. मिसळण्याची ओढ आणि ताणाचा विरोध जेथे समसमान होतात, तेथे फुगणे थांबते. हा तोल नेमका कोठे साधेल, ते गंधकाचे पूल किती दाट आहेत आणि द्रवाचे रबराशी कितपत जमते, या दोन गोष्टींवर ठरते. नायट्राइल रबरातील ध्रुवीय (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असलेल्या) गटांचे ॲरोमॅटिक वलयांशी चांगले जमते, सरळ साखळ्यांशी फारसे जमत नाही. तेलाचा हा स्वभाव मोजण्यासाठी ॲनिलिन बिंदू वापरतात. समान आकारमानाचे तेल आणि ॲनिलिन हे ॲरोमॅटिक वलयाचे द्रव ज्या किमान तापमानाला पूर्णपणे एकजीव होतात, ते हे तापमान. ते जितके जास्त, तितके ते तेल रबराला कमी फुगवते. पॉलिअल्फाओलेफिनचा ॲनिलिन बिंदू जुन्या पद्धतीच्या मिनरल तेलापेक्षा वरचा असतो.

सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांच्या काळात काय झाले असेल, हे आता उघड आहे. मिनरल तेल पिऊन किंचित फुगलेल्या सीलभोवती नवे तेल आले, ॲरोमॅटिक रेणू हळूहळू रबराबाहेर निघून गेले, त्यांची जागा घेणारे काही मिळाले नाही आणि आक्रसलेली कड शाफ्टवर पुरेशी दाबेनाशी झाली. उपाय लवकरच सापडला: तेलात थोडे ध्रुवीय एस्टर मिसळले, की ते रबरात शिरून फुगवट्याची उणीव भरून काढतात. आजची प्रमाणित तेले रबरावरील परिणामाच्या चाचण्यांतून गेलेली असतात. शिवाय सिंथेटिक म्हणून विकली जाणारी बरीच तेले तिसऱ्या गटाची, म्हणजे खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेली असतात. त्यामुळे सिंथेटिकवरून मिनरलकडे जाताना सील झाला तर किंचित फुगेल, आक्रसणार नाही. अनेक वर्षांच्या उष्णतेने कडक झालेला सील मात्र कोणत्याही तेलावर गळू लागतो आणि दोष नेमका शेवटी घातलेल्या तेलावर येतो.

अशा वेळी ‘सील नवे करणाऱ्या’ रसायनाची बाटली खपवली जाते. तिने मऊ पडलेली कड काही काळ गळती थांबवेलही, पण झिजलेली कड पुन्हा उगवत नाही. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार घालावा, त्याने इंजिनाचे काही बिघडत नाही; या बाटलीबद्दल तेवढीही खात्री देता येत नाही.

थंडीचा मुद्दाही पुढे केला जातो. निफाडचा पारा हिवाळ्यात पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो, परंतु २०डब्ल्यू (डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याआधीचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ) दर्जाच्या तेलाची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर होते. नाशिकच्या पहाटेला मिनरल तेल गोठत नाही, फक्त इंजिन सुरू होताना काही क्षण उशिरा वर पोहोचते. तरीही मालकाच्या पुस्तिकेत दिलेली श्रेणी सोडू नये. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात स्वस्त मिळते म्हणून २०डब्ल्यू-५० घालणे ही खरी चूक आहे.

काही इंजिनांत मात्र मागे फिरूच नये. पेट्रोल इंजिनाच्या टर्बोतून (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणाऱ्या पंख्यातून) जाणारे वायू ९०० अंशांच्याही वर तापू शकतात. कसारा घाट चढून येताच इंजिन बंद केले, तर टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि मिनरल तेलात ही प्रवृत्ती अधिक असते. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धूरगाळणीला कमी राख सोडणारे तेल लागते. जुन्या दर्जाच्या तेलाची राख तिच्यात साठते आणि ती जाळून काढता येत नाही. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असल्याने तेथे डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ हा शिक्का हवा, मग तेल मिनरल असो वा सिंथेटिक.

आपले इंजिन यांपैकी नसेल आणि पुस्तिकेतील श्रेणी व एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जा जुळत असेल, तर बदल करायला हरकत नाही. तेल काढल्यावर इंजिनात थोडे जुने सिंथेटिक उरतेच. ते नव्या तेलात निर्धोकपणे मिसळते, त्यासाठी फ्लशिंगचे, म्हणजे इंजिन आतून धुण्याचे, पैसे मोजण्याची गरज नसते, फिल्टर तेवढा नवा घालावा. मिनरल तेलाचे ऑक्सिडीकरण लवकर होते, म्हणून पुढील ऑइल चेंज मात्र सिंथेटिकच्या लांब अंतराने न करता मिनरलसाठी सांगितलेल्या कमी किलोमीटरवर करावा लागतो आणि वर्षाचा हिशेब मांडला तर डब्याच्या किमतीत झालेल्या बचतीचा बराचसा भाग तेथेच खर्च होतो.