न्यू हॅम्पशर : आयकर नाही, मग शाळांचा खर्च कोणाच्या माथी?

1 जानेवारी 2025 पासून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याने व्याज आणि लाभांशावरचा कर बंद केला. 1923 पासून चालत आलेला हा कर म्हणजे तिथल्या व्यक्तिगत उत्पन्नावरचा राज्याचा एकमेव कर होता. पगारावर राज्याचा आयकर तिथे कधीच नव्हता आणि सरसकट विक्रीकरही नाही. त्याच वर्षी 1 जुलैला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकार सार्वजनिक शाळांना प्रत्येक मुलामागे देत असलेली रक्कम घटनेच्या कसोटीवर अपुरी आहे. सहा महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींमागे निदान पन्नास वर्षांचे एकच राजकारण आहे.

राज्य लहान आहे, वस्ती जेमतेम चौदा लाख. विधिमंडळ मात्र अवाढव्य : कनिष्ठ सभागृहात 400 सदस्य आणि सिनेटमध्ये 24. आमदाराचे मानधन वर्षाला 100 डॉलर, हा आकडा 1889 मध्ये घटनेत घातला गेला तो अजून तसाच आहे. गव्हर्नरला दर दोन वर्षांनी लोकांसमोर जावे लागते. इतक्या वरचेवर मते मागायची म्हटल्यावर नव्या कराचे नाव काढायला कोणी सहसा धजत नाही.

मग राज्य चालते कशावर? उद्योगांच्या नफ्यावरचा कर 1970 मध्ये आला. हॉटेलातले जेवण आणि खोलीभाड्यावर कर आहे, तो सध्या साडेआठ टक्के. दारूची दुकाने सरकारी आहेत आणि ती थेट महामार्गाला लागून काढलेली, म्हणजे शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधून येणारा माणूस गाडी वळवून डिकी भरून परत जाईल. पण खरा भार पडतो तो गावागावांत आकारल्या जाणाऱ्या मालमत्ता करावर, आपल्या भाषेत घरपट्टीवर. बॉस्टनकडे नोकरी आणि नॅशुआत घर असे गणित मांडणाऱ्या आपल्या लोकांनाही हे पहिल्या वर्षीच कळते. मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन काम केले तर तिथला आयकर चुकत नाही आणि घरपट्टीचे बिल दारात येतेच.

1963 मध्ये पैशाची चणचण इतकी होती की गव्हर्नर जॉन किंग यांनी शाळांसाठी लॉटरी काढण्याच्या विधेयकावर सही केली. कीन गावचे आमदार लॅरी पिकेट अनेक वर्षे त्यासाठी विधेयके मांडत होते. मार्च 1964 मध्ये 3 डॉलरची तिकिटे विकायला निघाली आणि सप्टेंबरमध्ये सेलम इथल्या रॉकिंगहॅम पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीवर बक्षिसे ठरली. विसाव्या शतकातली अमेरिकेतली ही पहिली सरकारी लॉटरी. आज बहुतेक राज्यांत लॉटरी आहे, पण तिची सुरुवात इथे झाली ती शाळा चालवायला कर लावायचा नाही या हट्टातून. शाळेचा पैसा नशिबाच्या खेळातून उभा करायची पाळी यावी, ही गोष्ट मला तेव्हाच्या राज्यकर्त्यांची कल्पकता वाटत नाही. त्यांनी मूळ प्रश्नाला बगल दिली.

त्या हट्टाला शपथेचे रूप आले 1972 मध्ये. गव्हर्नर वॉल्टर पीटरसन रिपब्लिकन होते, मवाळ वृत्तीचे. राज्याचा हिशेब नीट बसवायचा तर आयकर हवा, असे त्यांनी उघड मांडले. त्यांच्याच पक्षातले मेल्ड्रिम थॉमसन ‘करावर कुऱ्हाड’ अशी घोषणा घेऊन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहिले, जिंकले आणि पुढे तीनदा गव्हर्नर झाले. त्यांच्या पाठीशी मँचेस्टरच्या ‘युनियन लीडर’ या दैनिकाचे मालक-प्रकाशक विल्यम लोब होते. राज्यभर पोहोचणारे वर्तमानपत्र हेच, आणि पहिल्या पानावरचे त्यांचे अग्रलेख भल्याभल्यांना घाम फोडत. लोब स्वतः मॅसॅच्युसेट्समध्ये राहत, जिथे आयकर होता. न्यू हॅम्पशरमध्ये तो येऊ द्यायचा नाही यासाठी मात्र त्यांनी हयात घालवली.

तेव्हापासून गव्हर्नरपदाच्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारला जातो : शपथ घेणार का? म्हणजे पगारावर आयकर किंवा सरसकट विक्रीकर आला तर त्यावर नकाराधिकार वापरण्याचे वचन. डेमोक्रॅट ह्यू गॅलन यांनी 1982 मध्ये ती घ्यायला नकार दिला आणि ते जॉन सुनुनूंकडून हरले. पुढे दोन्ही पक्षांनी हा नियम पाळला. जीन शाहीन यांनी शपथ घेऊनच 1996 ची निवडणूक जिंकली. 2000 मध्ये त्यांनी ती घेतली नाही, तरी त्या निवडून आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी अडीच टक्के विक्रीकराचा प्रस्ताव मांडला. तो विधिमंडळात टिकला नाही. 2002 मध्ये मार्क फर्नाल्ड यांनी थेट आयकराच्या मुद्द्यावर गव्हर्नरपद लढवले आणि ते मोठ्या फरकाने पडले. त्यानंतर वाऱ्याविरुद्ध जायची हिंमत फार थोड्यांनी केली.

या शपथेची किंमत कोणी मोजली ते क्लेरमाँटच्या खटल्यात दिसते, आणि माझ्या मते या राज्याच्या राजकारणातले सगळ्यात महत्त्वाचे कागदपत्र तेच आहे. क्लेरमाँट हे कनेटिकट नदीच्या खोऱ्यातले जुने गिरणगाव. गिरण्या बंद पडल्या तशी मालमत्तेची किंमत उतरली. शाळेचा खर्च मात्र उतरला नाही. क्लेरमाँट, ॲलन्सटाउन, फ्रँकलिन, लिस्बन आणि पिट्सफील्ड या पाच शाळा-जिल्ह्यांनी, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, मिळून राज्याला कोर्टात खेचले. अँड्रू व्होलिन्स्की हे त्यांच्या प्रमुख वकिलांपैकी एक.

डिसेंबर 1993 च्या पहिल्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1784 च्या घटनेतले 83 वे कलम समोर ठेवले. ज्ञान आणि विद्येचा प्रसार ही सरकारची जबाबदारी आहे, असे ते सांगते. मुलांना पुरेसे शिक्षण देणे आणि त्याचा खर्च उचलणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. दुसरा निकाल आला 17 डिसेंबर 1997 ला. त्यातले आकडे पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. शाळांच्या उत्पन्नातला 74 ते 89 टक्के वाटा स्थानिक मालमत्ता करातून यायचा. राज्याचा सरासरी वाटा 8 टक्के, म्हणजे सगळ्या देशात शेवटचा नंबर. 1994-95 मध्ये पिट्सफील्डच्या घरमालकाला मालमत्तेच्या दर हजार डॉलरमागे शाळेसाठी 25.26 डॉलर भरावे लागत. सरोवराकाठच्या श्रीमंत मोल्टनबरोमध्ये 5.56. ॲलन्सटाउनचा दर 26.47, तिथून तीस मैलांवरच्या समुद्रकाठच्या राय गावाचा 6.86. एकाच राज्यातली मुले, राज्याचे एकच कर्तव्य, आणि गरीब गावाने चौपट दराने पैसे भरायचे. तरीही शाळेच्या हाती कमीच रक्कम यायची. कर्तव्य राज्याचे असेल तर त्यासाठी घेतला जाणारा कर हा राज्याचाच कर, आणि राज्याच्या कराचा दर सगळीकडे सारखा हवा, असे न्यायालयाने ठरवले. हा युक्तिवाद खोडून काढणे मला तरी अवघड दिसते.

नदीपलीकडच्या व्हरमाँटमध्येही अगदी असाच निकाल फेब्रुवारी 1997 मध्ये लागला होता. तिथे आयकर आणि विक्रीकर आधीपासून होते. जूनमध्ये नवा कायदा तयार झाला, श्रीमंत गावांची ओरड सोसून तो अमलातही आला.

न्यू हॅम्पशरला मार्ग सापडेना. 1999 मध्ये कनिष्ठ सभागृहाने आयकराचे विधेयक मंजूर केले, पण शाहीन शपथेला बांधलेल्या होत्या. नकाराधिकार वापरणार हे त्यांनी सांगून टाकले. शेवटी दर हजार डॉलरमागे 6.60 डॉलर असा राज्यभर सारखा शिक्षण-मालमत्ता कर लावण्यात आला. श्रीमंत गावांत गरजेपेक्षा जास्त जमेल ते राज्याकडे जाईल आणि तिथून गरीब गावांना मिळेल, अशी रचना. पोर्ट्समथ, राय, न्यूकॅसल अशी गावे ‘दाते’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्यांनी एकजूट करून दहा वर्षे या रचनेविरुद्ध झुंज दिली. 2011 मध्ये ती जिंकली. जास्तीची रक्कम आता ज्या त्या गावातच राहते. कराचे नाव राज्याचे राहिले, पण श्रीमंत गावांतून गरीब गावांकडे जाणारा ओघ आटला.

या गावगाड्यात एका सभेने काय होऊ शकते ते क्रॉयडनने पाहिले. वस्ती आठशेच्या आसपास. मार्च 2022 मध्ये, बर्फ पडत असलेल्या एका शनिवारी वार्षिक ग्रामसभा भरली. शाळेचा सतरा लाख डॉलरचा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा एका सदस्याने उठून तो आठ लाखांवर आणण्याची उपसूचना मांडली. हजेरी तुरळक होती. मतदान झाले 20 विरुद्ध 14, आणि शाळेचे निम्म्याहून जास्त पैसे गेले. पालकांनी सह्या गोळा करून पुन्हा सभा बोलावली. ठराव फिरवायला निम्म्या नोंदणीकृत मतदारांची हजेरी लागणार होती, म्हणून घरोघर फिरून, फोन करून लोकांना आणले गेले. 7 मे रोजी अर्थसंकल्प पूर्ववत करण्याच्या बाजूने 377 मते पडली, विरोधात 2. लोकांना शाळा हवी आहे की नको, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

तोवर दुसरा खटला पुढे सरकला होता. कॉनव्हॅल या शाळा-जिल्ह्याने 2019 मध्ये तो दाखल केला : राज्य प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम म्हणून जे देते त्यात शाळा चालूच शकत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायाधीश डेव्हिड रुऑफ यांनी ते मान्य केले. राज्य साधारण 4,100 डॉलर देत होते. निदान 7,356 डॉलर द्यायला हवेत, असा आकडा त्यांनी ठरवला. त्यासाठी राज्याला वर्षाला 50 कोटी डॉलरहून जास्त उभे करावे लागणार होते. 1 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी ही रक्कम घटनेला धरून नाही हा निष्कर्ष कायम ठेवला; ती ताबडतोब वाढवून द्या हा आदेश मात्र रद्द केला.

म्हणजे चेंडू पुन्हा विधिमंडळाकडे. तिथे गेल्या काही वर्षांत उद्योगांवरच्या कराचे दर टप्प्याटप्प्याने उतरवले गेले, व्याज-लाभांशाचा कर गेला, आणि जून 2025 मध्ये गव्हर्नर केली एयॉट यांनी खासगी शाळा किंवा घरच्या शिक्षणासाठी सरकारी पैसे देणाऱ्या योजनेची उत्पन्नमर्यादा उठवली. सार्वजनिक शाळांसाठीचे 50 कोटी कुठून येणार, याचे उत्तर यातल्या कोणत्याही निर्णयात नाही. ते आले नाहीत तर पिट्सफील्ड आणि क्लेरमाँटच्या घरमालकांचे बिल वाढणार, आणि ते भरूनही त्यांच्या मुलांच्या शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहणार.