वेल झाडाचा रस पीत नाही

वसंतात खासगी वनात रोपं लावायची वेळ आली की एक जुना समज हमखास ऐकू येतो: झाडावर चढलेली वेल त्याचा रस शोषते. अमरवेल खरंच शोषते. पण आयव्ही, कुडझू, ओरिएंटल बिटरस्वीट या झाडांवर चढणाऱ्या वेलींची मुळं जमिनीत असतात आणि अन्न स्वतःच्या पानांत तयार होतं. झाड खचतं ते सावलीनं, वजनानं. बिटरस्वीट तर खोड इतकं आवळते की सालीतला अन्नप्रवाहच तुटतो.

म्हणून वेल ओरबाडू नका. साल सोलवटते, वाळकी फांदी डोक्यात पडायची भीती वेगळीच! जमिनीलगत कापा, वरचा भाग जागीच वाळतो. बुडख्याला मात्र पुन्हा धुमारे फुटतात. ते वारंवार छाटा, जमल्यास मुळं खणा; शेजारी नवं रोप त्यानंतरच.