मेमरीचा फुगा आणि एकच किल्ली

हंगामात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात शिरलात तर गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, भरलेले गाळे दिसतात. पावसाळ्यात तिथेच पोरांनी क्रिकेट खेळावं इतकी जागा मोकळी असते. आता समजा, एका गोदामाच्या मालकाने चार अडत्यांना प्रत्येकी हजार रव्यांची जागा लिहून दिली, आणि गोदामात मावतात एकूण तीन हजार. चौघांचा माल एकाच दिवशी येणार नाही, एवढ्याच भरवशावर. बाजारात हे उघडकीला आलं तर गळपट्टी धरली जाईल. डेटा सेंटरमध्ये मात्र हा रोजचा धंदा आहे. एका दणकट संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालवायची, प्रत्येकाला "एवढी मेमरी तुझी" म्हणायचं, आणि वचनांची बेरीज खऱ्या मेमरीपेक्षा जास्त होऊ द्यायची.

जागा कमी पडली की कुणाचा माल हलवायचा? मालक गाळ्याबाहेर उभा. कुठला रवा उद्या सकाळच्या सौद्यात जाणार आहे, हे त्याला दिसत नाही. अंदाजाने हलवला तर नेमका लागणाराच माल डिस्कवर जाऊन बसतो. त्याहून वाईट म्हणजे दुहेरी हेलपाटा. मालकाने आधीच बाहेर नेऊन ठेवलेला रवा अडत्यालाही बाहेर टाकायचा असतो, आणि बाहेर टाकण्यासाठी तो आधी आत आणावा लागतो!

यावरची युक्ती कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन्सचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत असताना २००२ सालच्या एका शोधनिबंधात मांडली. मालकाने आपला एक दिवाणजी प्रत्येक अडत्याच्या पदरी ठेवायचा. जागेची तंगी आली की दिवाणजी अडत्याकडे मागणी करतो, "शेठ, मला दोनशे रव्यांची जागा लागते." कुठला माल नको आहे हे अडत्याला पक्कं ठाऊक असतं. तो जागा करून देतो. दिवाणजी तिथे काहीच ठेवत नाही, फक्त मालकाला खिडकीतून सांगतो, "ही जागा रिकामी, दुसऱ्याला द्या." हा दिवाणजी म्हणजे बलून ड्रायव्हर, व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारा एक छोटा प्रोग्राम. मशीनच्या पोटात तो फुगला की मालकाला मेमरी मिळते, आकसला की ती मशीनला परत जाते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रस्टी रसेल यांनी लिहिलेला असाच ड्रायव्हर, व्हर्ट-आयओ बलून, २००८ मध्ये आला. मेमरीचा हिशेब तिथे पानांत चालतो, एक पान ४ किलोबाइटचं. १ जीबी परत द्यायची तर २,६२,१४४ पानं. ड्रायव्हर ती जास्तीत जास्त २५६च्या गठ्ठ्यांनी, म्हणजे १-१ एमबी करून, मालकाला कळवतो. काही प्रोसेसरांवर मशीनचं स्वतःचं पान ६४ किलोबाइटचं असतं, पण मालकाशी बोलताना माप ४ किलोबाइटचंच. एका पानाच्या १६ नोंदी. मोजणाऱ्याने कुठे सोळाने गुणायचं विसरलं की काय होईल, ते सांगायला नको.

असा कोड तपासायला बसलं की पहिल्या वाचनात सगळं ठीकच वाटतं. जागा माग, यादीत टाक, मालकाला कळव. पण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडचं वाचन ओळीच्या क्रमाने करून भागत नाही. हाच दिवाणजी मेमरी संपलेली असताना काय करतो, हे विचारावं लागतं; कारण त्याचा खरा उपयोग तेव्हाच. या ड्रायव्हरच्या जुन्या कोडमध्ये दिवाणजी आधी अडवलेल्या पानांच्या नोंदवहीच्या पेटीची एकुलती एक किल्ली, म्हणजे लॉक, हातात घ्यायचा आणि मग जागा मागत बसायचा. पान मिळालं नाही तर २०० मिलिसेकंद डुलकी, तीही किल्ली मुठीत धरून.

दुसरीकडे एक सोय केलेली होती. मशीनची मेमरी पारच संपली तर कुठला तरी प्रोग्राम मारण्याआधी कर्नल दिवाणजीला हाक मारतो, "तू अडवलेल्यातली थोडी जागा परत दे." परत द्यायची तर वहीत खाडाखोड हवी, म्हणजे तीच किल्ली हवी. किल्ली फुगा भरणाऱ्या दिवाणजीच्या हातात. भरणारा मेमरीसाठी अडलेला. आणि मेमरी मोकळी करणारा किल्लीसाठी अडलेला. यालाच डेडलॉक म्हणतात.

मजा अशी की दिवाणजीच्या पान मागण्याच्या त्या मागणीवर "फार हट्ट करू नकोस" अशी खूण लिहिलेली होती. वाचणारा ती पाहून निर्धास्त होतो. (मीही झालो असतो.) पण हट्ट नको म्हटलं तरी थोडी आवराआवर करून पाहण्याची मुभा होतीच, आणि ती करताना दिवाणजी दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीच्या मागणीवर अवलंबून राहू शकत होता. तो दुसरा जर नेमका किल्ली मागायला आलेला असेल, तर संपलं. हा धागा एका फाइलमध्ये बसून दिसत नाही. मेमरी वाटणारा कोड आणि हा ड्रायव्हर शेजारी शेजारी उघडावे लागतात.

२०१७ मध्ये दुरुस्ती झाली, ती चमत्कारिक साधी. पानं आधी बाहेर एका सुट्या यादीत गोळा करायची, किल्ली त्यानंतर घ्यायची, भराभर नोंदी करायच्या आणि सोडायची.

२०१८ मध्ये पुन्हा कुणाला तरी सुधारणा सुचली. अगदी गळ्याशी येईपर्यंत थांबायचं कशाला, मेमरीची आवराआवर सुरू झाली की बलूनलाही आकसायला सांगावं. ऐकायला शहाणपणाचं. पण लिनक्स मोकळी मेमरी फायलींच्या कॅशने, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतींनी, भरून टाकतो, त्यामुळे आवराआवर तर नेहमीचीच. साधी फायलींची गर्दी झाली तरी दिवाणजी अडवलेली जागा सोडून उठायला लागला, आणि मालकाच्या हाती काही लागेना. २०२० मध्ये गाडी जुन्या थांब्यावर परत आली: मेमरी पार संपली तरच हाक मारायची. किल्ली मात्र नोंदीच्या वेळीच घ्यायची, ते तसंच राहिलं.